जुडाकुला शिळा पाहायला जाताना

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
मी निवृत्त शिक्षिका असून लवकरच मुलीकडे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात जाणार आहे. तेथे कलोही गावाजवळ असलेली, चेरोकी या तेथील मूळनिवासी लोकांना पवित्र वाटणारी जुडाकुला शिळा पाहण्याची फार इच्छा आहे. ती कोणत्या वेळी पाहावी आणि आपल्या रीतीप्रमाणे फूल वाहिलेले चालेल का?

उत्तर (सातारा):
ताई, ही शिळा शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची असून तिच्यावर दीड हजाराच्या आसपास खुणा कोरलेल्या आहेत. मात्र ऊन-पावसाने त्या इतक्या झिजल्या आहेत की भर दुपारी गेल्यास नुसता करडा दगडच दिसेल. सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना जावे, म्हणजे तिरप्या प्रकाशात वाटोळे खळगे, लांब रेघा आणि पंजासारखी आकृती उठून दिसते. चेरोकी कथेनुसार शिकारीचा स्वामी असलेला महाकाय त्सुलकालू डोंगरावरून उडी घेऊन येथे टेकला आणि त्याच्या हाताचा ठसा दगडावर उमटला.

उत्तर (मिरज):
फूल, हळदकुंकू काहीच वाहू नये. पूर्वी खुणा ठळक दिसाव्यात म्हणून लोक खाचांत खडू भरत असत (आपल्याकडे वीरगळांना ऑइलपेंट फासतात, त्यातलाच प्रकार). आता शिळेभोवती लाकडी मार्गिका आहे. तेथूनच पाहावे, दगडाला हात लावू नये. शक्य असल्यास आधी चेरोकी गावातील संग्रहालय पाहून घ्या.