मदत हवी आहे: शिरस्त्राणाच्या घुमटावर क्रोम फिल्म दुधाळ का होते?

चिलखती_चूक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधी जुने धागे चाळले. गाड्यांवर चिकटवतात त्या क्रोम फिल्मबद्दल पुष्कळ सापडलं, पण ती चिलखतावर चढवलेली कुणी दिसलं नाही, म्हणून हा नवीन धागा.

एका वेशभूषेसाठी आरशासारखं चकाकणारं पूर्ण चिलखत करतोय. छाती, खांदे आणि दंड ईव्हीए या लवचीक फोमचे (१० आणि ५ मिमी जाड), शिरस्त्राण पीएलए प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेलं. आधी क्रोम स्प्रे मारून पाहिला. वाळल्यावर अर्धा तास मी स्वतःवर जाम खूश होतो. मग बोट लागलं आणि तिथे करडा डाग उमटला. डाग पडू नयेत म्हणून वरून क्लिअर कोट मारला, तर चकाकी गेली ती गेलीच. उरला तो जुन्या पत्र्याचा रंग. तेव्हा ठरवलं की रंग नको, सरळ फिल्मच लावू.

आता फिल्मची रडकथा. घुमटावर एकच अखंड तुकडा ओढून बसवायला गेलो. ताणला, हीट गन फिरवली, आणखी ताणला. माथ्यावर झकास आरसा, पण कडेकडे येता येता फिल्म दुधाळ झाली आणि काठाला झालरीसारख्या चुण्या पडल्या. त्यात शिरस्त्राणाची एक बाजू गरम होऊन आत वाकली, आता ते डोक्यात जेमतेम जातं.

छातीवर लावलेली फिल्म रात्री अप्रतिम दिसत होती. सकाळी बघतो तर सगळ्या कडा उचललेल्या. घालून जरा वाकलो तर पोटावर आडव्या सुरकुत्या पडल्या, त्या काही केल्या निघेनात. आणि उजेडात धरलं की फोमचा खडबडीतपणा वर जसाच्या तसा दिसतो.

हातात तीन आठवडे आणि साधारण दीड मीटर फिल्म आहे. माझं चुकतंय कुठे? की हे फिल्मचं कामच नाही?

घासकागद

फोटो टाका. आणि फिल्मच्या वरचं पारदर्शक आवरण काढलं होतंत ना?

चिलखती_चूक

कसलं पारदर्शक आवरण?

घासकागद

घ्या! बऱ्याच क्रोम फिल्मना वरून चरे पडू नयेत म्हणून एक पातळ पारदर्शक कागद असतो. तो फिल्मसारखा ताणला जात नाही. उरलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर नखाने खरवडून बघा. फिल्मपासून वेगळा सुटला तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

चिलखती_चूक

सुटला. 🤦

उष्णहस्त

पण म्हणून सगळा दोष त्या कागदावर ढकलू नका. मी गाड्या रॅप करतो, म्हणजे त्यांना फिल्म चढवतो, आणि क्रोमचं काम आलं की आजही हात आखडतो. साधी कास्ट फिल्म (पातळ प्लॅस्टिक ओतून केलेली) गरम केली की रबरासारखी ऐकते. क्रोममध्ये आरशाचं काम करणारा धातूचा थर अतिशय पातळ असतो. खालचं प्लॅस्टिक ताणलं जातं, तो थर मात्र तेवढा ताणला जात नाही, त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. तुम्हाला दिसतो तो दुधाळपणा हाच. एकदा झाला की परत फिरत नाही, कितीही गरम करा. उष्णता जास्त झाली तरी हेच होतं. तुम्ही दोन्ही केलंत.

तुमची फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड (रुळांमधून दाबून लाटलेली), हे रोलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. कॅलेंडर्ड असेल तर घुमटाचा नाद सोडा. ती सपाट पाट्यांसाठी ठीक, ताणून बसवली तर हळूहळू पूर्ववत आकसते आणि कडा उचलते.

शिरस्त्राण वाकलं त्याचं कारण वेगळं. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडायला लागतं, हीट गनच्या तोंडाशी त्याच्या कितीतरी पट तापमान असतं. पीएलएवर फिल्म गरम करायचीच नाही, अशा बेताने काम आखा. फार तर हेअर ड्रायर, तोही लांबून आणि सतत हलता.

आता मूळ मुद्दा. चेंडूला कागद गुंडाळून बघा. कागद एका दिशेने वळतो, एकाच वेळी दोन दिशांनी वळत नाही. मग एकतर चुण्या पडतात, नाहीतर तो ताणावा लागतो. क्रोम ताणता येत नाही, म्हणजे कापणं आलंच. फुटबॉल तुकडे जोडून शिवतात तो याचसाठी. तुम्ही मनात ‘एकसंध’ धरून बसला आहात, ते सोडा.

रंगपट_ताई

वरच्याशी पूर्ण सहमत. फोमबद्दल मी सांगते, नाटकांसाठी चिलखतं करून करून हात झिजलेत.

फोम वाकतो, फिल्म दुमडते. ही जोडी लावूच नका. फोम आत गादीसारखा राहू दे आणि त्यावर स्टायरिन किंवा एबीएस या कडक प्लॅस्टिकची १ मिमीची शीट कापून चिकटवा. फिल्म त्या शीटवर, तीही शीट सपाट असतानाच लावून घ्या. चकाकणारा भाग वाकणार नाही आणि वाकणारा भाग चकाकणार नाही, एवढं पाळलंत की सुरकुत्यांचा प्रश्नच संपला.

आणि हे काही आपलं जुगाड नव्हे. पंधराव्या शतकातली युरोपातली पोलादी चिलखतं बघा. पोलादही वाकत नाही, म्हणून पोटाखाली, खांद्यावर, कोपराशी अरुंद पट्ट्या एकमेकींवर सरकवून आत चामडी पट्ट्यांनी आणि रिबिटांनी बांधलेल्या असतात. काखेत सहसा अखंड पोलादी पत्रा नसायचा, तिथे कड्यांची जाळी. तुमच्या पोटावर जिथे सुरकुत्या पडल्या, नेमक्या तिथेच त्या लोहारांनी सांधे दिले होते. तुम्हीही तिथेच द्या. काम कमी होईल आणि दिसेलही खरं.

शीट आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर उघड्या बोटाने शिवू नका. पट्टीच्या कडेवरून फिल्म मागे किमान १ सेमी वळवा. ती नेमकी कडेवर कापली की कपडा घासून घासून उचलणारच. मागच्या वळणावर पकडीसाठी थ्रीएमचं प्रायमर ९४ ब्रशने पातळ लावता येईल, पण ते फक्त तिथेच. दर्शनी भागावर नको, एकदा तिथे फिल्म टेकली की उचलून पुन्हा बसवता येत नाही.

घासकागद

माझं आवडतं तुणतुणं: तळ. क्रोम चुगलखोर आहे. मॅट फिल्मखाली धुळीचा कण खपतो, क्रोमखाली तोच कण लांबून डोळ्यात भरतो. प्रिंटच्या थरांच्या रेषा जाईपर्यंत फिलर प्रायमर (खाचा भरणारा तळरंग) आणि पॉलिश पेपर, क्रमांक १२०, २२०, ४००, शेवटी ६०० पाण्यासोबत. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून बोट फिरवा.

आणि प्रायमर पूर्ण वाळू द्या, हाताला कोरडा लागतो एवढ्यावर जाऊ नका. आत अडकलेलं सॉल्व्हंट नंतर बाहेर येतं आणि फिल्मखाली फुगे धरतं.

उलटा_प्रवाह

थोडं विरोधी मत. शिरस्त्राणाला फिल्म लावूच नका. चकचकीत काळ्या तळावर एअरब्रशने क्रोम रंग मारा, सांधा नाही, चुणी नाही. शिरस्त्राणाला हात तरी किती लागतो?

अवांतर: क्रोमला स्वतःचा रंगच नसतो, समोर जे असेल ते तो दाखवतो. अंधाऱ्या सभागृहात तुमचं चिलखत काळं दिसेल आणि समोरून फ्लॅश पडला की पांढरा डाग. फोटो काढताना बाजूला पांढरा कपडा धरायला सांगा.

रंगपट_ताई

हात किती लागतो? दर वेळी काढताघालताना दोन्ही हात लागतात! शेजारी फिल्म आणि वर रंग असेल तर दोन वेगळ्या धातूंचं दिसेल, तेही आहेच.

चिलखती_चूक

आठवडाभराने परत आलो. सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष.

शिरस्त्राण नव्याने प्रिंट केलं. घासकागदांनी सांगितल्याप्रमाणे ६०० पर्यंत घासलं, माझ्या बोटांचे ठसेही झिजून गेले असावेत. मग त्यावर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळली, वरून मास्किंग टेप लावली, पेनने आठ पाकळ्या आखल्या आणि कापून सपाट केल्या. झाला साचा! प्रत्येक पाकळी दोन्ही बाजूंनी ५ मिमी मोठी कापली, वरचा कागद काढला, मधल्या रेषेपासून बाहेर फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (फिल्म दाबायच्या पट्टीने) दाबत गेलो. उष्णता जवळजवळ शून्य. पाच पाकळ्या पहिल्याच फटक्यात बसल्या. एकीखाली केस अडकला, तो आता कायमचा सोबती. सांध्यांवर अरुंद पट्ट्या आणि खोटी रिबिटं लावणार आहे.

पोटाच्या पट्ट्या शीटवर केल्या, वाकून बसून पाहिलं. एकही सुरकुती नाही.

आता फक्त नाकावरची उभी धार उरली आहे. एका तुकड्यात वळवली की खाली टोकाशी फिल्म तंबूसारखी उचलते. काय करू?

उष्णहस्त

तिथेही तेच. धारेवर दोन तुकडे भेटवा. आधी डावा, धारेपलीकडे ३ मिमी जाऊ द्या, मग उजवा बरोबर धारेवर कापून त्यावर बसवा. नवी ब्लेड घ्या आणि हात हलका ठेवा, खालचा तुकडा कापला जायला नको. टोकाशी फिल्म आत वळवायच्या आधी व्ही आकाराचा छेद द्या, म्हणजे तंबू उभाच राहणार नाही.