हरभऱ्याचे शेंडे पिवळे, शेजारचा गहू हिरवागार. असं का?

मोहोळकर:
रामराम मंडळी. मोहोळ तालुक्यात चुनखडीचं रान आहे. उजनीच्या आवर्तनात वरच्या वावरातलं पाणी उतरून हरभऱ्यात साचलं. आता शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. बांधाला लागून गहू आहे. तीच माती, तेच पाणी, पण त्याला काहीच नाही. दुकानदार युरिया टाका म्हणतोय. टाकू का?

माती_मास्तर:
युरिया राहू द्या. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यातलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, म्हणून मार नव्या पानाला. तुमचं लक्षण लोहाचं आहे.

मातीत लोह ढिगानं आहे हो, पण गंजाच्या रूपात. सामू (पीएच) एकानं चढला की विरघळणारं फेरिक, म्हणजे गंजातल्या रूपाचं, लोह हजारपटीनं घटतं, आणि चुनखडीत सामू आठच्या आसपास. लोह कमी पडलं की मुळांना निरोप जातो. त्यात ज्या छोट्या पेप्टाइडांचा हात असतो, त्यांचं नाव 2018 मध्ये खरंच ‘आयर्न मॅन’ ठेवलंय! मग हरभऱ्याचं मूळ आम्ल सोडतं, सालीवरचं विकर (एन्झाइम) फेरिकचं फेरस, म्हणजे सहज विरघळणारं लोह, करतं आणि वाहक प्रथिन ते आत ओढतं. पण पाणी साचलं की मुळांचा कर्बवायू कोंडून बायकार्बोनेट वाढतं. मूळ आम्ल ओततंय आणि ते तिथल्या तिथं मरतंय.

गव्हाची तऱ्हाच निराळी. तो म्युजिनिक आम्लाच्या कुळातलं द्रव्य सोडतो. ते फेरिक लोहाला चिमट्यात धरतं आणि गहू लोहासकट ते परत आत घेतो. फेरस करायची भानगडच नाही. जपानच्या ताकागींनी 1976 मध्ये मुळांची ही युक्ती मांडली.

मोहोळकर:
मग मास्तर, हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीतनं देऊ?

माती_मास्तर:
नको, चुनखडीत त्याचा गंजच होणार. फवारा. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस, 15 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर. द्रावण फिकट हिरवं दिसलं पाहिजे. चहासारखं झालं तर ओतून द्या. पण आधी साचलेलं पाणी काढून रान वाफशावर येऊ द्या.

खोडवा_किंग:
मधेच विचारतो. ऊसही गवतच ना? मग आमच्या खोडव्यावर केवडा का पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी का होतात? ठिबकमधनं चिलेटेड लोह सोडलं, फरक शून्य.

माती_मास्तर:
गवतच, पण सगळी गवतं सारख्या सढळ हाताची नसतात. ज्वारी आणि भातसुद्धा हे द्रव्य बेताचंच सोडतात. आणि पुड्यावर ईडीटीए, म्हणजे लोहाला धरून ठेवणारं द्रव्य, लिहिलंय का बघा. आपल्या सामूला ते टिकत नाही, लोहाची जागा कॅल्शियम घेतं. ईडीडीएचए हे तसलंच दुसरं द्रव्य टिकतं, पण महाग पडतं. म्हणून आधी माती परीक्षणात मुक्त चुना किती आलाय ते टाका इथं.