टीम १२ वरून ४० वर गेली आणि आता लोक चुका लपवतायत, काय करू?

आवराआवर:
आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, सुरुवातीला १२ जण होतो, एकाच खोलीत, कुणाचं काही अडलं की हाक मारायची की झालं. आता ४० आहोत. गेल्या महिन्यात एका क्लायंटच्या बिलिंगमध्ये आमची चूक निघाली, ती पण क्लायंटनेच दाखवली, आणि मग कळलं की आमच्यातल्या दोघांना ती तीन आठवडे आधीच माहीत होती. दोघंही कामाला एकदम चोख, म्हणून जास्त लागलं. वर्षभर मी कल्चरसाठी जीव तोडून करतोय, व्हॅल्यूज लिहून भिंतीवर लावल्या, दर महिन्याला सगळ्यांची मीटिंग, सहली, पण मीटिंगमध्ये 'कुणाला काही बोलायचंय?' विचारलं की सगळे गप्प. नक्की कुठे चुकतंय?

वाचत_असतो:
त्या दोघांना शांतपणे विचारलंत का की का नाही सांगितलं? आणि त्याआधी ज्याने कुणी स्वतःहून चूक सांगितली त्याचं काय झालं होतं ते आठवून बघा, माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच आहे.
एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा औषधांच्या चुकांवरून अभ्यास केला. अंदाज होता की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, आकडे आले उलटे, चांगल्या टीम्सच्या चुका जास्त दिसत होत्या. तर त्या टीम चुका जास्त करत होत्या असं नव्हतं, चूक झाली की बोलत होत्या म्हणून ती नोंदीत येत होती. म्हणजे तुमच्याकडे वर्षभर एकही तक्रार, एकही चूक वर आली नसेल तर त्यात खूश होऊ नका, मला तरी तेच सगळ्यात काळजीचं वाटतं.

दुसरी_पाळी:
मी ९ वर्षं असेंब्ली लाइनवर क्वालिटीला होतो त्यामुळे हे जवळून बघितलंय. टोयोटाची दोरीची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल, कामगाराला काही गडबड दिसली की त्याने दोरी ओढायची. दोरी ओढली की लाइन लगेच थांबते असं नाही हां, आधी टीम लीडर धावत येतो, गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत जायच्या आत अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तर थांबते. खरी गोष्ट दोरी नाहीच, तो धावत येणारा माणूस आहे.
आमच्याकडे पण हे आणलं. पहिल्याच आठवड्यात एका नवीन मुलाने दोरी ओढली, त्याचं बरोबर होतं, बोल्ट खरंच चुकीचा होता, पण सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याला म्हणाला की आता टार्गेट कोण भरणार. बस. त्यानंतर महिनाभर त्या दोरीला कुणी हात लावला नाही आणि खराब माल पुढे जात राहिला, त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

एचआरवाली_ताई:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक जोडते. 'चूक सांगितली तर ओरडणार नाही' म्हणजे 'काहीही केलं तरी चालतं' असं नाही, आणि ही रेघ आधीच स्पष्ट आखावी लागते. अमेरिकेत १९७६ पासून विमान क्षेत्रात गोपनीय रिपोर्टची पद्धत आहे, रिपोर्ट नासाकडे जातात, दंड करणाऱ्या खात्याकडे नाही, मुद्दामच. नकळत नियम मोडला आणि १० दिवसांत कळवलं तर साधारणपणे दंड माफ, पण गुन्हा किंवा अपघात असेल तर ही सूट नाही. तुम्ही पण असंच साध्या शब्दांत सांगा, स्वतःहून सांगितलं तर आपण मिळून निस्तरू, माहीत असून दडवलं तर मात्र बोलावं लागेल. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्या दोघांना मागच्या तारखेने ते लावू नका.
आणि प्रमोशन कुणाला देताय ते बघा. काम भारी पण ज्युनियरवर खेकसतो अशा माणसाला वर चढवलंत की भिंतीवरच्या व्हॅल्यूज कोण वाचतंय? सहली चालू ठेवा, त्याने ओळख वाढते, पण ओळख वाढली म्हणून भीती जात नाही.

आवराआवर:
काल दोघांशी बोललो. एक म्हणाली, सर, तुम्ही मार्चच्या रिव्ह्यूमध्ये टेस्टिंगवाल्याला सगळ्यांसमोर विचारलंत, 'हे तपासलंच कसं नाही?' त्याने स्वतःहून सांगितलं होतं. मी हे साफ विसरलो होतो, त्यांच्यातलं कुणीच विसरलं नव्हतं. रात्री झोप लागली नाही. तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे. माफी केबिनमध्ये मागू की सगळ्यांसमोर?

दुसरी_पाळी:
दादा, जिथे बोललात तिथेच मागा, पण आधी त्याला एकट्याला विचारून घ्या, काहींना परत सगळ्यांच्या नजरेत यायचं नसतं. आणि भाषण नको, दोन वाक्यं बोला आणि मग त्याला विचारा की टेस्टिंगला वेळ कमी पडत होता का, कारण बहुतेक वेळा तोच पडत असतो.

आवराआवर:
हो, दोन दिवसच दिले होते आम्ही. उद्या सकाळी आधी त्याच्याशी बोलतो.