निकेलेटमध्ये वरखालचा ऑक्सिजन हवा की नको?

गंगापूररोडवासी : मी नाशिकमध्ये एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून निकेल ऑक्साइडांतील (निकेलेटांतील) अतिसंवाहकतेवर, म्हणजे थंड केल्यावर विद्युतरोध शून्य होण्यावर, सेमिनार तयार करीत आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने स्ट्रॉन्शियम मिसळलेल्या निओडिमियम निकेलेटच्या पातळ फिल्ममधून निकेलच्या वरखाली बसणारा ऑक्सिजन कॅल्शियम हायड्राइडने काढून घेतला, तेव्हा ९ ते १५ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. उलट २०२३ मध्ये चीनमध्ये ज्या दुपदरी (निकेल-ऑक्सिजनचे दोन पदर जोडीने असलेल्या) लँथॅनम निकेलेटात दाबाखाली सुमारे ८० केल्विनला अतिसंवाहकता दिसली, त्यात हाच ऑक्सिजन दोन पदरांना जोडतो. एकीकडे तो काढायचा आणि दुसरीकडे राखायचा, यात विसंगती नाही का?

पदार्थविज्ञान_शिक्षिका : विसंगती नाही, पण तुम्ही ऑक्सिजनकडे पाहत आहात, आधी निकेलवरील इलेक्ट्रॉन मोजा. पहिल्या पदार्थात तो ऑक्सिजन गेल्याने निकेल एकसंयुजी अवस्थेजवळ येतो व त्याच्या डी-कक्षकांत (इलेक्ट्रॉनांच्या बाहेरच्या जागांत) नऊ इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे क्युप्रेटांतील (तांब्याच्या ऑक्साइडांच्या अतिसंवाहकांतील) तांब्यासारखी स्थिती. स्ट्रॉन्शियममुळे त्यातून थोडे इलेक्ट्रॉन कमी होतात. राहिलेल्या चौरस मांडणीत मुख्य भूमिका प्रतलात पसरलेल्या कक्षकाची असते. दुपदरी पदार्थात मात्र निकेलची सरासरी संयुजा अडीच असल्याने उभा कक्षकही सक्रिय होतो आणि मधल्या ऑक्सिजनमार्फत शेजारच्या पदराशी बांधला जातो. साध्या दाबाला निकेलभोवती सहा ऑक्सिजनांनी बनलेले अष्टफलक कललेले असतात व दोन पदरांमधला निकेल-ऑक्सिजन-निकेल कोन १६८ अंशांच्या आसपास असतो. सुमारे १४ गिगापास्कलला तो १८० अंशांजवळ जातो आणि तेथूनच अतिसंवाहकता सुरू होते. जुन्या वाड्याचा कललेला खांब सरळ व्हावा तसे हे आहे. अर्थात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे सेमिनारमध्ये अवश्य सांगा.

सातपूरकर : चौदा गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ १ लाख ४० हजार पट दाब. आमच्या कारखान्यातील हायड्रॉलिक प्रेसने तो मिळत नाही. नमुना दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरावा लागतो. याच पदार्थाची फिल्म अधिक आखूड जालक (अणूंच्या मांडणीतील अंतर) असलेल्या आधारस्फटिकावर वाढवली, तर बाहेरून दाब न देताही सुमारे ४० केल्विनला रोध घसरू लागतो. गंमत अशी की त्या फिल्मच्या जालकाची उंची वाढते, तर दाबाखाली ती घटते. म्हणून पदर जवळ येणे हेच कारण, असे मला वाटत नाही.

गंगापूररोडवासी : आपणा दोघांचा आभारी आहे. मग दाब देण्यापूर्वी नमुन्याची रचना दुपदरीच आहे, हे कसे ठरवतात?

पदार्थविज्ञान_शिक्षिका : चांगली शंका. याच रासायनिक सूत्रात एकपदरी व तीनपदरी भाग आळीपाळीने रचलेला स्फटिकही बनतो. त्यामुळे सूत्र जुळले एवढ्यावर समाधान मानू नका. आधी एका स्फटिकाचे क्ष-किरण विवर्तन (अणूंची मांडणी दाखवणारी चाचणी) पाहा, आणि थर चुकीच्या क्रमाने रचले गेल्याची शंका आली, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील प्रतिमाही मागवा.