खाजणाच्या बांधाआत चार इमारती येतायत, पर्यावरण परवानगी मागायची कशी?

उघाडीवरची

दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण अर्धं गाव एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला आहे आणि दोन्हीकडे माझीच माणसं आहेत.

आमच्या खाजणाला, म्हणजे खाडीचं पाणी अडवून केलेल्या भातजमिनीला, जुना मातीचा बांध आहे. माझे वडील आणि चुलते दरवर्षी बांधबंदिस्तीला जायचे. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कधी उचलायची आणि कधी टाकायची हे वडील भरती बघून ठरवायचे. आत खारं भात पिकायचं. 2009 च्या फयान वादळात बांधाला मोठी खांड पडली, ती कुणी बुजवली नाही. भात गेलं, खारं पाणी आत आलं आणि हळूहळू तिवर, म्हणजे खाऱ्या पाण्यातली झाडं, उगवली. आज तिथे माझ्या डोक्याच्या वर गेलेली तिवर आणि चिपी आहे. बायका तिथे चिंबोऱ्या धरतात, बोयटं आत येतात.

या जागेला लागून, आणि थोडी या जागेतच, सात मजल्यांच्या चार इमारती येतायत. एकूण 176 सदनिका. फलकावर बांधकाम क्षेत्र 19,400 चौरस मीटर लिहिलंय. गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत बैठक झाली. कंपनीकडून आलेले गृहस्थ म्हणाले की 20,000 च्या आत आहे म्हणून पर्यावरण परवानगी लागत नाही, जनसुनावणीचा प्रश्नच येत नाही, आणि समुद्र पाचशे मीटरच्या पलीकडे आहे म्हणून सीआरझेडही (किनारपट्टीवरच्या बांधकामांना निर्बंध घालणारा नियम) नाही. सगळे गप्प बसले. मीही गप्प बसले, आणि ते मला अजून टोचतंय.

मला प्रकल्प बंदच पाडायचा आहे असं नाही. पण कुणीतरी जबाबदार माणसाने आधी येऊन बघावं. आमच्या वाडीच्या विहिरी मार्च सरला की मचूळ होतात. 176 घरांत पाच-पाच माणसं धरली आणि माणशी 135 लिटर हा सरकारी हिशेब लावला तर रोज 1,18,800 लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास बारा टँकर. ते कुठून आणणार असं विचारलं तर उत्तर आलं, "बोअर मारू."

विशेष ग्रामसभा लागली आहे. ठराव मी लिहायचा असं ठरलंय. त्यात नेमकं काय मागू?

जुना आरेखक

ताई, मी तीस वर्षं नकाशे काढले, म्हणून पहिल्यांदा आकड्याबद्दलच लिहितो.

फलकावरचा 19,400 हा आकडा बहुधा चटई क्षेत्राचा (एफएसआयमध्ये मोजल्या जाणाऱ्या बांधकामाचा) असेल. पर्यावरण परवानगीचा हिशेब वेगळा असतो. 2006 च्या अधिसूचनेत 20,000 चौरस मीटरची मर्यादा आहे ती एकूण बांधकाम क्षेत्राची. सगळे मजले, तळघर आणि सेवांच्या जागा धरून. चटई क्षेत्रात न मोजलेला पार्किंगचा मजलाही यात येतो. नगररचना कार्यालयाकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नकाशाच्या कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो. प्रत्येक इमारतीच्या स्टिल्टचं, म्हणजे खांबांवरच्या पार्किंगच्या मजल्याचं, क्षेत्र वेगळं काढून बेरीज करा.

शेजारच्या सर्व्हे नंबरात त्याच लोकांचा दुसरा टप्पा आहे का, तेही बघा. एकच रस्ता, एकच पाण्याची टाकी, एकच जाहिरात असेल तर ते दोन प्रकल्प आहेत असं म्हणणं टिकायला कठीण.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर निराशा नको. बांधकाम प्रकल्पांना, म्हणजे त्या अधिसूचनेतल्या आठव्या प्रकाराला, जनसुनावणीतून सूट आहे. परवानगी घ्यावी लागली तरी गावात मांडव पडणार नाही. पण प्रस्ताव केंद्र सरकारच्या परिवेश या परवानग्यांच्या संकेतस्थळावर चढतो आणि राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे जातो. समितीला लेखी हरकत पाठवायला तुम्हाला कुणी अडवत नाही. हरकतीला नकाशा आणि फोटो जोडलेले असले की ती बाजूला सारणं अवघड जातं.

वरची वाडी

मीही खाडीकाठचाच आहे, पण मी जमीन विकलेल्यांपैकी आहे, तेव्हा आमचीही बाजू वाचा. त्या खाजणाच्या जमिनीतून आम्हाला पंधरा वर्षांत एक दाणा मिळाला नाही. खांड बुजवायला पुढाकार कुणी घेतला? दोनदा अर्ज केले, उत्तर नाही. मुलगा मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर राहतो. मुलीच्या लग्नाचं कर्ज त्या पैशातून फिटलं. आता तुम्ही परवानगी परवानगी करून काम थांबवलंत तर राहिलेला हप्ता आम्हाला कोण देणार? पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांना खाजण आवडतं, सुट्टीत फोटो काढायला.

उघाडीवरची

दादा, मी पुण्यात नोकरी करते हे खरं आहे. आई मात्र गावात आहे आणि मचूळ पाणी तीच पिते. खांड बुजली नाही हा तुमच्यावर झालेला अन्याय आहे आणि तो मी ठरावात पहिल्या ओळीत लिहिणार आहे.

पण हप्त्याचंच बघा. केरळात मराडूला चार गृहसंकुलं सीआरझेड मोडून उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 8 मे 2019 ला ती पाडायला सांगितली आणि 11 आणि 12 जानेवारी 2020 ला ती स्फोटकं लावून जमीनदोस्त केली. माणसं राहत होती तिथे. घर घेणाऱ्यांना सुरुवातीला पंचवीस पंचवीस लाखांची अंतरिम भरपाई द्यायचा हुकूम झाला. आज पाया खणायच्या आधी चौकशी झाली तर तुमचा व्यवहारही सुरक्षित राहील. इमारत उभी राहून वाद झाला तर पहिला हप्ता थांबेल तो तुमचा.

कांदळ

मी खाडीतल्या तिवरांवर काम करते. ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: बांध, खांड आणि आतली तिवर.

कंपनी म्हणेल, भरतीरेषा बांधावरच थांबते. त्यात तथ्य आहे. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत लिहिलंय की 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा तिथपर्यंतच धरायची. पण त्याच ठिकाणी पुढे असंही आहे की खारं पाणी शिरून बांधाच्या आत कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, उगवलं असेल तर तेवढा भाग सीआरझेड-1अ, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात, आणि तो विकासकामासाठी वळवायचा नाही. म्हणजे बांध जुना निघाला तरी तिवर वाचते, आणि नवा निघाला तर भरतीरेषाच आत सरकते. बांधाचं वय सिद्ध करा, दोन्हीकडून तुमचा फायदाच आहे.

कांदळवन 1,000 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवती 50 मीटरचा पट्टाही सीआरझेड-1अ मध्ये येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आहे. हा निकाल सगळ्या राज्याला लागू आहे, सरकारी जमीन आणि खाजगी जमीन असा भेद त्यात नाही. सातबारा कुणाच्याही नावावर असो.

आता तातडीचं. तिवर तोडली जायच्या आधी नोंद व्हायला हवी. तहसीलदार आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांना लेखी कळवून पंचनामा मागा, अर्जावर पोच घ्या. येत्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असेल. तेव्हा फोटो काढा, फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवून. पाणी कुठपर्यंत चढतं ते फोटोत दिसलं पाहिजे, आणि सोबत हलणार नाही अशी एखादी खूण हवी, वडाचं झाड किंवा विजेचा खांब.

विहिरींचंही लिहा. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली की ढोबळ हिशेबाने खारं पाणी खालून चाळीस मीटर वर सरकतं. बोअर मारून पाणी उपसणं गावाला एवढं महाग पडू शकतं.

जुना आरेखक

कांदळताईंच्या उत्तराला जोड. परवानगी दिली गेली आणि ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे अपील करता येतं. मुदत तीस दिवसांची, कारण पटलं तर फार फार तर आणखी साठ. म्हणून संकेतस्थळ आठवड्याला उघडायचं काम गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला नेमून द्या.

उघाडीवरची

महिन्याने परत लिहिते आहे. नकाशा मिळाला. चारही इमारतींचं स्टिल्ट मिळून 2,600 चौरस मीटर आहे आणि ते 19,400 मध्ये धरलेलं नाही. बेरीज 22,000 होते. पंपघर आणि सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा अजून त्यात धरलेली नाही.

बांधाचं वयही सापडलं. वडिलांच्या पेटीत खारभूमी दुरुस्तीची 1983 ची पावती निघाली. आई म्हणाली, "तुझ्या जन्माच्या वर्षी नवी उघाडी बसवली, मी बाळंतिणीच्या खोलीतून घणाचे घाव ऐकत होते." माझाही जन्म 1983 चाच.

ग्रामसभा झाली. ठरावात चार मागण्या गेल्या: एकूण बांधकाम क्षेत्र धरून पर्यावरण परवानगी घ्यावी, बांधाआतल्या तिवरांची संयुक्त मोजणी व्हावी, विहिरींचं पाणी उन्हाळ्यात तपासून मगच बोअरचा विचार व्हावा, आणि खांड न बुजवल्याने ज्यांचं भात गेलं त्यांच्या अर्जांना उत्तर मिळावं. वरच्या वाडीच्या दादांनी चौथ्या मागणीला अनुमोदन दिलं. पहिल्या तिन्हींना ते गप्प राहिले, पण विरोधात हात वर केला नाही.

पंचनाम्याची तारीख अजून मिळालेली नाही. रविवारी आम्ही सातजणी उघाडीपाशी जाऊन तिवरांच्या कडेने दोरी धरून मोजणार आहोत. कांदळताई, पन्नास मीटर मोजायचे ते खोडापासून की फांदीच्या टोकापासून, एवढं सांगाल का?

कांदळ

कडेच्या शेवटच्या झाडापासून मोजा, त्यात रोपंही धरा, गुडघ्याएवढी असली तरी. मी शनिवारी रात्रीच्या एसटीने निघते. दोरीला दर पाच मीटरवर गाठ मारून ठेवा.