आजोबांच्या जुन्या माउझर रायफलवर दुर्बीण बसवायची आहे, सल्ला हवा

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. आजोबांची .२७५ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करून काडतूस भरायची) रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आहे. मूळची लष्करी माउझर ९८, पुढे कोणीतरी लाकूड छाटून, नवी माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) बसवून शिकारीसाठी हलकी केलेली. शिकारीचा प्रश्नच नाही, मला फक्त रेंजवर कागदी टार्गेटवर चालवायची आहे. पण आता मागची खाच, माशी आणि टार्गेट ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर) एकही भोक नाही. वागळे इस्टेटमध्ये मित्राची टूलरूम आहे, तो भोकं पाडून आटे मारून देतो म्हणतोय. दुर्बीण कोणती घ्यावी आणि काम त्याच्याकडे द्यावं का?

रबाळेकर
मित्राकडे अजिबात देऊ नका. त्याचा हात कितीही सफाईदार असला तरी शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तुमच्यासोबत तोही अडकेल. परवानाधारक गनस्मिथकडेच जा, आणि त्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारून ठेवा.

जुना नेमबाज
रबाळेकरांशी शंभर टक्के सहमत, आणि कारण फक्त कायद्याचं नाही. ९८ चा रिसीव्हर आतून मऊ आणि वरून कडक कवचाचा असतो. साधं ड्रिल त्यावर घसरतं आणि आटे पाडायचा टॅप आत तुटून बसतो. कवच मऊ करायला कोणी तिथे गॅसची ज्योत लावली तर संपलंच, कारण रिसीव्हरच्या पुढच्या रिंगमध्येच बोल्टचे दोन लग (कडीसारखे दात) अडकतात आणि काडतुसाचा सगळा दाब ते पेलतात. पुढचं भोक जरा खोल गेलं तरी ते नळीच्या आट्यांत उतरतं.

भोकांच्या आधी तीन गोष्टी बघा. बऱ्याच लष्करी ९८ चं बोल्ट हँडल सरळ आडवं असतं आणि बोल्ट ९० अंश फिरतो, त्यामुळे हँडल उचललं की थेट दुर्बिणीला धडकतं. ते वाकवायचं तर तापवावं लागतं, आणि तेव्हा बोल्टचा मागचा कॅम (उतरता खाचेचा भाग) थंड ठेवला नाही तर तो मऊ पडतो. दुसरी सेफ्टी. जुनी पंखासारखी सेफ्टी बोल्टच्या डोक्यावरून फिरते आणि आयपीसखाली (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाखाली) अडते. ती बदलून बाजूने सरकणारी बसवावी लागते. तिसरा रिसीव्हरचा मागचा पूल, जिथे काडतुसांची क्लिप उभी राहायची. तो घासून सपाट केला असेल तर किती घासलाय ते मोजल्याशिवाय बाजारातला बेस (दुर्बिणीची बैठक) नीट बसणार नाही. बेस डुगडुगत असताना स्क्रू आवळून तो सरळ करायला गेलात तर बेसला पीळ बसतो आणि दुर्बिणीची नळी वाकते.

एवढं सगळं करूनही दस्ता उघड्या माशीच्या उंचीचाच राहतो. दुर्बीण वर जाते आणि गाल लाकडाला टेकेनासा होतो. मान उंच करून कोणाचाच नेम टिकत नाही, त्यामुळे गालाखाली पॅड लागेलच.

येऊरची मेघना
दादा, तुमची अडचण डोळ्याची आहे, रायफलची नाही असं मला वाटतं. चष्म्याच्या काचेवर लावायचा छोटा आयरिस (लहानमोठं करता येणारं छिद्र) मिळतो, टार्गेट नेमबाज वापरतात. बारीक छिद्रातून पाहिलं की माशी आणि टार्गेट दोन्ही बरीच स्पष्ट होतात. रायफलला हात लावावा लागत नाही आणि आजोबांचं लाकूड-लोखंड होतं तसं राहतं. जिम कॉर्बेटना १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल भेट मिळालेली रिग्बी कंपनीची रायफलसुद्धा .२७५ चीच होती. अशा रायफलींवर कायमची भोकं पाडायला माझं तरी मन धजावत नाही.

कोलशेतकर
आत्ताच कपाट उघडून पाहिलं. हँडल आधीच खाली वाकवलेलं आहे, सेफ्टी मात्र जुनीच. मेघनाताई, आयरिस आधी करून बघतो. तरी दुर्बिणीचं सांगून ठेवा. ऑनलाइन एक ३–९x४० (तीन ते नऊ पट, ४० मिमी काच) स्वस्तात दिसतेय.

जुना नेमबाज
ती घेऊ नका. मोठ्या काचेला दुर्बीण धरणाऱ्या उंच रिंग लागतात आणि गालाचा प्रश्न वाढतो. चार पटीची स्थिर, ३२ मिमी काचेची, एक इंची नळीची पुरे. डोळ्यापासूनचं अंतर किमान ९ सेंमी हवं, नाहीतर धक्क्याने आयपीस भुवईवर येतं. एअर रायफलसाठी विकली जाणारी घेऊ नका, तिचं पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉस टार्गेटवरून सरकल्यासारखा दिसणं) जवळच्या अंतराला बसवलेलं असतं. नायट्रोजन भरलेली असेल तर आपल्या खाडीकाठच्या पावसात आतून धुकं धरत नाही.

हँडल आधी कोणीतरी वाकवलंय म्हणता, मग कॅम मऊ पडलाय का आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) बरोबर आहे का, हे गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. दुर्बीण नंतर.

रबाळेकर
झिरो करताना (दुर्बीण आणि गोळीचा नेम जुळवताना) बोल्ट काढून नळीतून टार्गेट बघा आणि क्रॉस त्यावरच आणा, म्हणजे पहिली गोळी कागदावर पडेल. सुरुवात २५ मीटरवर करा. दुर्बिणीच्या बटणाची पाव मिनिटाची (कोनाच्या मापातली) एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिमी सरकवते, २५ वर जेमतेम २. म्हणजे २५ वर ३ सेंमी चूक असेल तर साधारण १६ क्लिक. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे तुमचं कॅलिबर चालेल का ते आधी विचारा, मगच रायफल घराबाहेर काढा.