जेट्टीच्या सायकल स्टँडला रिकामी कुलपं लटकवून जाणाऱ्यांनो

खाडीकाठची
परवा इथे कुणीतरी टीप टाकली होती, "जड यू-लॉक (यू आकाराचं लोखंडी कुलूप) रोज पाठीवर कशाला वाहता, स्टँडलाच अडकवून ठेवा, दीड किलो वजन वाचतं." त्याखाली वा वा छान छान. दोन दिवस झोंबतंय ते मला म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

आमच्या जेट्टीवरचा स्टँड १२ सायकलींचा आहे. काल संध्याकाळी शेवटची फेरी गेल्यावर मुद्दाम थांबून मोजलं. सायकली ३, कुलपं १९. त्यातल्या ७ कुलपांच्या किल्लीच्या भोकात गंज असा भरलाय की खराट्याची काडीसुद्धा जात नाही. म्हणजे त्यांचे मालक कधीच विसरून गेले. एकेका दांडीला तीन-तीन चार-चार लोंबकळतायत, मग तिथे सायकल नीट टेकत नाही आणि नवीन यू-लॉकची कडी तर आत शिरतच नाही.

माझी मुलगी बारावीला, कॉलेज पलीकडच्या काठाला. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या दिवशी पहाटे पोचली तर लावायला जागा नाही, म्हणून तिने कठड्याला लावली. तिथून गाड्या बोटीवर चढतात, म्हणून तिला ती परत काढायला लावली, तेवढ्यात फळी उचलली. पोर काठावर उभी राहून रडत होती आणि बोट डोळ्यासमोर चाललेली. स्टँड रिकामा होता हो, नुसती कुलपं होती!

स्टँड सायकल लावायला आहे, कुलूप ठेवायला नाही. महिनाअखेरीला कटर लावून सगळी काढून टाकावीत असं माझं स्पष्ट मत.

रात्रपाळी
ताई, मुलीचं वाईट वाटलं, पण कटर वाचलं आणि डोकं फिरलं. मी नर्स आहे, पलीकडे ड्युटी. पिशवीत डबा, रेनकोट, चपलांचा जोड, युनिफॉर्म आणि वर दोन किलोची साखळी. पावसाळ्यात ओली साखळी पिशवीत टाकली की पांढऱ्या युनिफॉर्मवर गंजाचे डाग, आणि ते डाग जात नाहीत, लिंबू चोळा नाहीतर काय वाटेल ते करा. म्हणून मी साखळी स्टँडलाच ठेवायला लागले.

दोन वर्षांपूर्वी स्वच्छता म्हणून कुणीतरी दुपारी सगळी कुलपं कापली. मी संध्याकाळी येते तर साखळी नाही आणि बोट सुटायला आलेली, वॉर्डात पेशंट वाट बघतायत. सायकल ओढणीने बांधून गेले. सकाळी आले तर ओढणी होती, सायकल नव्हती. त्या कटरवाल्याने माझी सायकल चोराच्या हातात दिली असंच मी मानते, आजही.

चेन_उतरली
सायकल फेरीवरच चढवा की. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, सगळीकडे चढवतात.

रात्रपाळी
रोज जाऊन येऊन सायकलचं जास्तीचं तिकीट तुम्ही भरणार का दादा?

चेन_उतरली
बरं, ते सोडा. पण रिकामं कुलूप लटकत ठेवण्यात धोका तुमचाच आहे. चोराला दिवसभर फुकट अभ्यास करायला मिळतो, कुठल्या कंपनीचं, भोक कसलं, साखळीची कडी किती जाड. २००४ साली अमेरिकेत गोल नळीच्या किल्लीची महागडी यू-लॉकं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे बाहेर आलं होतं, कंपनीला बदलून द्यावी लागली. आणि दुसरी गोष्ट, चोर स्वतःचंच कुलूप तुमच्या सायकलला लावून ठेवतात, तुम्ही वैतागून ती रात्रभर तिथेच सोडून जाता आणि रात्री तो निवांत येतो. जिथे बेवारस कुलपांची गर्दी असते तिथे असलं एक जास्तीचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

फॅब्रिकेशनवाला
मी खाडीपासून हाकेच्या अंतरावर वर्कशॉप चालवतो, स्टँड-रेलिंग हेच काम. ही लटकती कुलपं वाऱ्याने हलतात आणि दांडीवर घासत राहतात. जस्ताचा मुलामा तिथेच उडतो, मग खारा वारा लागला की आतून गंज. लोक म्हणतात स्टेनलेसचा बसवा. अहो, साध्या ३०४ नंबरच्या स्टेनलेसलाही समुद्राकाठी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात, ३१६ घ्यावं लागतं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो म्हणून टिकतं, पण भाव ऐकून सगळे गप्प बसतात. आणि कुलपात खोबरेल ओतणं बंद करा रे बाबांनो, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल चार थेंब, बास.

मुंबई_गाव_मुंबई
त्या १९ मधलं एक माझं. निळं, केबलचं. मी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो, गावच्या घरातली सायकल काढतो आणि जेट्टीवर लावतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. आणि कटरची भाषा करणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ वाचा, दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान करणं हा गुन्हा आहे.

खाडीकाठची
रुमाल टाकणारा माणूस दारात रांगेत उभा असतो, दोन मिनिटांत येऊन बसतो. तुम्ही शिमग्याला रुमाल टाकता आणि बसायला गणपतीला येता. तोपर्यंत आमच्या पोरांनी उभ्याने प्रवास करायचा?

मुंबई_गाव_मुंबई
आला मुद्दा बाहेर. चाकरमानी म्हटला की तुमच्या पोटात दुखतं. घरपट्टी आम्हीही भरतो, देवळाची वर्गणी आमच्याकडून पहिली येते.

सड्यावरचा
वर्गणीचं राहू द्या. गावात निम्म्या घरांना कुलपं, विहिरीच्या पंपाला कुलूप, वाडीच्या बेड्याला म्हणजे फाटकाला कुलूप, आणि पाणी तुंबलं की फोन आम्हाला. आता स्टँडलापण कुलूप.

मुंबई_गाव_मुंबई
बंद घर हौसेने ठेवतं का कुणी? इथे नोकऱ्या असत्या तर गेलो असतो का आम्ही?

सड्यावरचा
मग ऐकाच. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. शेजारचं घर बंद, मालक मुंबईत, लॉकडाउनमुळे येणं शक्य नाही. दुपारी अर्ध्या घराची कौलं गेली. फोन बंद, वीज गेलेली ती आठवडे झाले तरी नाही. मी आणि भावाने पहारीने दाराची कडी उचकटली. आत माजघरात भाताची पोती भिजून फुगलेली, गाद्यांतून पाणी गळतंय, आणि देव पाटावरून खाली पडलेले, बाळकृष्ण चुलीच्या राखेत. एकेक देव धोतराच्या टोकाने पुसून आमच्या घरी आणला, आमच्या देवांबरोबर रोज पूजा केली. स्वतःच्या घरावर ताडपत्री अपुरी होती, त्यातली अर्धी फाडून त्यांच्या घरावर टाकली. मालक आला दिवाळीच्या तोंडावर. पायरीवर उभं राहून पहिलं वाक्य काय? "कुलूप कुणी तोडलं?" पाणीसुद्धा प्यायला नाही आमच्याकडे. अजून बोलत नाही. म्हणून सांगतो, कुलूप तोडायच्या भानगडीत पडू नका, मग ते घराचं असो नाहीतर सायकलचं.

मुंबई_गाव_मुंबई
असं बोलणारा माणूस चुकलाच. आमचंही घर तेव्हा शेजाऱ्यांनी सांभाळलं, तुमच्यासारख्यांनीच, त्यांचे उपकार विसरलेलो नाही. पण त्यांनी रेंज आल्यावर पहिला फोन मला केला होता, काका असं असं केलं म्हणून. तो फोन आला की माणसाला राग येत नाही. सगळेच चाकरमानी तसले नसतात एवढं मात्र लिहा.

रात्रपाळी
माझ्या साखळीच्या वेळी कुणी एक चिठ्ठी लावली असती, अमुक तारखेला काढणार म्हणून, तर मी स्वतः काढून नेली असती. एक कागद, बाकी काही नको होतं मला.

रापणकार
मी मालवणसून लिहितंय. आमच्याकडे होड्येची दोरी धक्क्यार तशीच ठेवन लोक घराक जातत, कोण हात लावणा नाय. पण १ जून इलो की मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत होड्यो वर, दोऱ्यो, जाळी सगळा आवरून घराक, धक्को मोकळो. कुलपांचा पण तसाच करा. नायतरी पावसात ती जाम होतली, मगे उघडतलो कोण?

खाडीकाठची
हे पटण्यासारखं आहे. कटर हा शब्द मी रागात लिहिला, तो मागे घेते. रात्रपाळीताईंची गोष्ट आधी माहीत असती तर लिहिलाच नसता. पण स्टँड अडवणं चूक ते चूकच. मे महिन्यात सगळ्या कुलपांना चिठ्ठ्या बांधायच्या आणि १ जूनला जे उरेल ते काढायचं, हे तरी मान्य करा.

रात्रपाळी
पावसाळ्यातच मला साखळी वाहायला जड जातं, आणि नेमकं तेव्हाच काढायला सांगताय.

फॅब्रिकेशनवाला
तुम्ही दोघी भांडत बसा, मी सांगतो ते करू. स्टँडच्या मागे भिंतीला आडवी सळी मारतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वर पत्र्याची पन्हळ. रिकामी कुलपं फक्त तिथे. सायकलच्या दांड्या मोकळ्या. शिल्लक तुकड्यांतून होईल, पैसे नकोत. परवानगी कोण आणतं ते बोला.

खाडीकाठची
परवानगी मी आणते, सोमवारी अर्ज देते. परवानगी येईल तेव्हा येईल, ती ७ जाम झालेली रविवारी बघूया. आज जाऊन त्यात तेल सोडून ठेवते.

रात्रपाळी
माझं नवीन पितळी आहे, लाल दोरा बांधलेलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. रविवारी ड्युटी संपवून पहिल्या बोटीने येते, मी येईपर्यंत थांबा.

मुंबई_गाव_मुंबई
माझं निळं मेपर्यंत राहू द्या.

खाडीकाठची
नाही राहू देणार. तुमच्या घरी कुणाकडे किल्ली आहे का?

मुंबई_गाव_मुंबई
नंबर लॉक आहे. बरं, नंबर कळवतो, काढून आमच्या पडवीत खुंटीला अडकवा. आणि त्या मुलीला सांगा, माझी दांडी डावीकडून दुसरी, ती तिने घ्यावी.

खाडीकाठची
नंबर इथे सगळ्यांसमोर लिहू नका काका, मेसेज करा.